आतून लावलेलं ठिगळ

फिलोमिना, तुझ्या मुलाने वर्तमानपत्रात तुझा फोटो छापून आणला. कुणाच्या तरी लग्नातला आहे, कडेला अर्धा केक दिसतो. खाली जन्म, मृत्यू, मिस्साची वेळ, शोकाकुल परिवार. सगळं बरोबर आहे, मी दोनदा वाचलं. त्यात होडी मात्र नाही. म्हणून मी लिहायला बसले.

मला लिहायची सवय नाही. भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनतात आणि मी तिथली सुपरवायझर. मी लिहिते ते टाकीच्या पोटावर खडूने, 'पास' किंवा 'गळती'. बावीस वर्षांत त्यापलीकडे काही लिहायची वेळ आली नाही. तेव्हा सरळ लिहिते. फिरवून बोललेलं तुलाही आवडायचं नाही.

पहिली कितीतरी वर्षं तू माझ्यासाठी जेसल पार्कच्या बाजारातली मासेवाली होतीस. उत्तनहून बसने येऊन, स्टेशन ओलांडून, पाटी घेऊन बसायचीस. मी गाळ्यातून इंद्रलोकला घरी जाताना तुझ्यापाशी थांबायचे. मी बांगडा उचलला की तू तो माझ्या हातातून काढून परत पाटीत टाकायचीस आणि दुसरा द्यायचीस. का, ते सांगायची नाहीस. एकदा मी तुला मावशी म्हटलं तर तू म्हणालीस, मावशी कोनाची, मला नाव हाय. तेव्हापासून तू फिलोमिना आणि मी शैलाबाय. दहा वर्षांनी मोठ्या बाईला मी अगंतुगं करते म्हणून आमच्या ह्यांना ते बरीच वर्षं खटकत होतं.

मग एका संध्याकाळी तू माझी नखं पाहिलीस. नखांच्या कडेला रेझिन सुकून पांढरं झालं होतं. हे काय, म्हणून विचारलंस. फायबरचं काम करते म्हटल्यावर तू सुरी खाली ठेवलीस. होडीचं फायबर आणि टाकीचं फायबर एकच का, एवढंच विचारलंस. मी म्हटलं, एकच. रेझिन तेच, काचेची मॅट तीच, हार्डनर तोच. मी अगदी ठामपणे म्हटलं. ठामपणे बोलायची मला खोड आहे, तुला ती नंतर चांगलीच कळली.

पुढच्या रविवारी मी उत्तनला आले. तुझ्या घरामागे होडी पडली होती. तुझा नवरा पीटर जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं ती तिथे होती. बावीस फुटी, एका कुशीवर कललेली, वर फाटकी ताडपत्री. आत सहा पावसाळ्यांचा गाळ साचलेला, बसायच्या फळ्या कुजून काळ्या झालेल्या, मागचं मशीन काढून पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. आणि गाळात बरोबर मधोमध कमरेएवढं पिंपळाचं रोप. तू लांब उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझ्या होडीत तुमचा देव उगवलाय. तूच काढ बाय, मी हात लावायची न्हाय." मी ते मुळासकट काढलं आणि तुझ्या डब्यात घालून रिक्षाने घरी आणलं. तो डबा तू पुढे वर्षभर मागत होतीस.

गाळ उपसल्यावर खरं दुखणं दिसलं. ज्या कुशीवर ती कलली होती तिथे खाली दगड होता. तळाला हातभर लांबीचा भाग मऊ झालेला, बोटाने दाबला की आत जायचा, आणि त्याच्या मधोमध मूठ जाईल असं भोक.

तुझा दीर डॉमनिक त्या दिवशी भिंतीला टेकून बघत होता. तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. मला म्हणाला, ही भंगारवालाही नेत न्हाय, फायबर कोन घेणार. तू त्याच्याकडे लक्ष दिलं नाहीस. तू सगळ्यांना सांगत होतीस की होडी झाली की डॉमनिक स्वतःच्या होडीतून जाईल, लिलावात उभं न राहता तुझी पाटी भरेल. ते कारण खरंच होतं. पण दुसरं कारण तू मला एकटीला सांगितलंस, तिसऱ्या रविवारी, मॅटचे तुकडे कापता कापता.

"साठ वर्षं समुद्राकडं तोंड करून बसले," तू म्हणालीस. "बोंबील वाळवले, जाळी सांधली, वाट बघितली. समुद्रातून आपला गाव कसा दिसते ते एकदा बघायचा हाय. पीटर दर वर्षी बोलायचा, नेतो. न्हाय नेला."

मी म्हटलं, त्यात काय, होडी झाली की पहिली तू बस. तू म्हणालीस, डॉमनिक बसू देणार नाही. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही असं त्याच्या घरात मानतात. आपण दोघी तेव्हा होडीच्या आतच बसलो होतो, चपला काढून, गुडघ्यावर. मी ते बोलून दाखवलं तर तू म्हणालीस, जमिनीवर हाय तवर ती बायकांचीच, पाण्यात गेली की त्यांची. आणि इतकी हसलीस की कात्री खाली पडली.

डॉमनिकला तू कसं कबूल करवून घेतलंस ते मला माहीत नाही. पण केलंस. पहिली खेप तो एकटा बघून येईल, मग तुला बसवेल, असं ठरलं.

फिलोमिना, त्या हिवाळ्यातले ते सगळे रविवार मला चांगले आठवतात. तू मिस्सा करून यायचीस, मी घरचा स्वयंपाक उरकून. आमच्या शेठना विचारून मी मुदत संपत आलेलं रेझिन आणि मॅटची कापलेली टोकं आणायचे. शेठ म्हणायचे, "ले जाओ शैलाबेन, पण ड्रम वापस लाना." बसायच्या फळ्या आमच्या सोसायटीत कुणी तरी काढून टाकलेल्या दाराच्या चौकटीच्या. रंग दोन घरांतला उरलेला, म्हणून होडी वरून निळी आणि खालून बेडरूमच्या भिंतीसारखी फिकट गुलाबी झाली. डॉमनिकने त्याबद्दल तोंड वाकडं केलं तर तू म्हणालीस, खालचा रंग माशांना दिसेल, तुला कशाला.

एकदा मी तुला मगात रेझिन कालवून दिलं आणि तू शेजारणीशी बोलत राहिलीस. तो मग उन्हात होता. रेझिन तापलं, धूर निघाला, मगासकट दगड झाला. तू तो पाण्यात बुडवलास आणि मला म्हणालीस की तुझ्या प्लास्टिकला ताप आला. तू फायबरला शेवटपर्यंत प्लास्टिकच म्हणायचीस. काचेच्या धाग्यांनी माझे हात रात्रभर खाजायचे आणि तुझ्या हातांना काही व्हायचं नाही. मी विचारलं तर तू हात पुढे केलास. शिंगाळा माशाच्या काट्यांनी टोचून टोचून तळवे बुटाच्या तळव्यासारखे झाले होते. मी बावीस वर्षं कामगारांना हातमोजे घाला म्हणून ओरडतेय. तुला नाही ओरडले.

आता ठिगळाचं सांगते. ते सांगायलाच तर बसले आहे.

टाकी गळायला लागली की आम्ही आत उतरतो आणि आतून ठिगळ लावतो. नेहमी आतून. टाकीत पाणी आत असतं, ते ठिगळाला भिंतीवर दाबून धरतं. जितकं पाणी जास्त तितकं ठिगळ घट्ट. हे माझ्या हातात इतकं बसलंय की त्याचा विचार करावा लागत नाही. मी तुझ्या होडीत उतरले, कुजका भाग कापला, आतून घासला आणि आतून मॅटचे चार थर लावले. बाहेरून नुसती पुट्टी भरून रंग मारला.

तू काठावर बसून बघत होतीस. म्हणालीस, "पानी भायेरशी येते गो, आन तू मलम आतून लावते?"

मी मान वर न करता म्हटलं, "बावीस वर्षं हेच करतेय. तुला बांगडा कळतो, मला फायबर कळतं."

तू मॅटचा पुढचा तुकडा कापायला घेतलास. मला वाटलं, पटलं.

फेब्रुवारीत भरतीच्या वेळी होडी पाण्यात घातली. दहाजणांनी ढकलली. तू नवी साडी नेसून आली होतीस. हातात पिशवी, तिच्यात डोक्याला बांधायला रुमाल आणि दोन केळी. डॉमनिक एक चक्कर मारून येणार आणि मग तू बसणार. मशीन सुरू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, होडी गेली. शंभर पावलांवर गेली असेल. मग डॉमनिक वाकला, परत वाकला आणि डब्याने पाणी बाहेर टाकायला लागला. वळून येईपर्यंत त्याच्या घोट्यापर्यंत पाणी होतं.

काठावर आणल्यावर मी आत हात घातला. ठिगळ एका बाजूने सुटून वर आलं होतं, पापुद्र्यासारखं. बाहेरच्या पाण्याने त्याला आत ढकललं होतं. त्याच क्षणी मला सगळं कळलं. पाणी बाहेरून येतं. पाचवीतल्या पोराला कळेल असं होतं. तू मला तोंडावर सांगितलं होतंस.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ओढताना आपटली असणार. खाली दगड आहेत."

डॉमनिकने माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू म्हणालीस, "डॉमनिक, बघून वढायची ना." तो डब्याने पाणी उपसत राहिला. तू केळी पिशवीतून काढलीस आणि जवळच्या दोन पोरींना दिलीस.

मला सुटल्यासारखं झालं, फिलोमिना. वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं. तेव्हा मी सुटले.

खोटं बोललं की पुढचं कामही त्या खोट्याला धरूनच करावं लागतं. आपटून फुटली म्हटल्यावर पद्धत चुकली असं मी कसं म्हणणार? म्हणून पुन्हा आतूनच लावलं, चारच्या जागी सहा थर. होडी उलटी करून बाहेरून लावायला हवं होतं हे मला माहीत होतं. उलटी करायची म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का. मी स्वतःची समजूत घातली की सहा थर टिकतील. एप्रिलमध्ये होडी परत पाण्यात गेली. डॉमनिक तीन वेळा जाऊन आला आणि तिन्ही वेळा म्हणाला, थोडं पाझरते, वयनीला बसवायला नको. मग वारा बदलला, मासेमारी बंद व्हायचे दिवस आले आणि होडी वर ओढली गेली.

तू म्हणालीस, आता मोसम उघडला की.

पावसाळ्यात मी एकदा आले तेव्हा तू वाळलेली दिसलीस. मी विचारलं तर पोटात गॅस होतो म्हणालीस. मी तुला ओव्याची पूड करून आणून दिली. इतकी मी हुशार. त्या दिवशी तू आत चहा करत होतीस तेव्हा मी ठिगळावर चमच्याने ठोकून बघितलं. पोकळ आवाज आला. मी चमचा परत जागेवर ठेवला आणि चहा प्यायले.

सप्टेंबरात शेवटी मी म्हटलं, होडी उलटी करू, बाहेरूनही लावू, दुहेरी मजबुती. तेव्हाही मी चुकलं म्हटलं नाही, मजबुती म्हटलं. तू म्हणालीस, लाव, तुला ठाव. आपण होडी पालथी केली, बाहेरून चारही बाजूंनी वीतभर उतार घासला आणि थर चढवले, जसं पहिल्या दिवशी करायला हवं होतं तसं. पाऊस जाता जात नव्हता, दमट हवेत रेझिन सुकत नव्हतं, एकेका थराला आठवडा जात होता. तू तोपर्यंत वाकून काम करत नव्हतीस. स्टुलावर बसून मॅट कापून द्यायचीस. एका रविवारी तुझी कात्री मॅटमध्ये अडकली आणि तुला ती काढता येईना. मी जाऊन काढली.

दिवाळीत तुझं दुखणं काय आहे ते कळलं. कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी काही केलं असतं तरी उशीरच झाला होता, आणि तो उशीर तू स्वतः केलास. पोटदुखी वर्षभर लपवलीस. गॅस म्हणे.

होडी तयार झाली त्या आठवड्यात मी तुझ्या खाटेशी येऊन बसले. सांगायचं ठरवून आले होते. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं. तू पंखा बंद करायला लावलास, पापलेटचा बाजारात काय भाव आहे विचारलंस, मी सांगितला, तर म्हणालीस की तुला फसवलं.

मी म्हटलं, "फिलोमिना, होडीचं एक सांगायचं होतं."

"सुकली का?"

"सुकली."

"मंग झालं," तू म्हणालीस आणि डोळे मिटून घेतलेस.

जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. थोड्या वेळाने तू म्हणालीस की डॉमनिक तुला खुर्चीत घालून चार माणसांकडून उचलून होडीत न्यायचं म्हणतोय. तू त्याला नाही म्हटलंस. मला ओकारी येईल, लोक बघतील. नाताळ होऊ दे, जरा बरं वाटलं की चालत जाईन. मी म्हटलं, हो, नाताळानंतर. आपण दोघीही धडधडीत खोटं बोलत होतो आणि एकमेकींचं ऐकून घेत होतो.

नाताळाच्या आठ दिवस आधी तू गेलीस.

मी हिशेब मांडणारी बाई नाही, पण हा एवढा मला मांडावाच लागतो. फेब्रुवारीत मी 'माझं चुकलं' म्हटलं असतं तर होडी त्याच आठवड्यात उलटी झाली असती. उन्हाळ्यात रेझिन दोन दिवसांत सुकतं. मार्चमध्ये तू तुझ्या पायांनी चालत जाऊन होडीत बसली असतीस, केळी घेऊन. एक वाक्य होतं. त्यासाठी तुझा एक मोसम गेला, आणि तुझ्याकडे तो एकच उरला होता.

सातव्या दिवसाच्या मिस्साला मी मागे बसले. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते पुढच्या बाईकडे बघून करत होते. नंतर तुझ्या घरी सगळ्यांना जेवायला वाढलं. मी डॉमनिकला मागच्या अंगणात बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. होडी तू आपटली नव्हतीस. ठिगळ मी चुकीच्या बाजूने लावलं होतं. मी खोटं बोलले आणि तुझ्यावर ढकललं.

त्याने ताट खाली ठेवलं. म्हणाला, "होडी वढली मी. आपटली का न्हाय ते मला ठाव नसेल?"

हे मला वर्षभरात सुचलं नव्हतं. ज्याच्यावर आळ घेतला त्याला तर पहिल्या क्षणापासून माहीत असणार.

"मग तू बोलला का नाहीस?"

"वयनी बोलली, गप रहा. शैलाबायच्या चेहऱ्यावरच दिसलं, तिची चूक तिला कळलीय. बोलली, शैलाबायचा हात चांगला हाय, ती आपल्या आपन बरोबर करल. आता चारचौघात बोललास तर ती परत यायची न्हाय. तिला येव दे." मग ताट उचलून म्हणाला, "मी बोललो, आन होडी? तर बोलली, होडी काय, होडी हायच."

मी घरी आले ती रागाने. खरंच सांगते, रडू वगैरे आलं नाही, राग आला. अजूनही आहे. तुला माहीत होतं. तू पहिल्याच दिवशी बरोबर बोलली होतीस, नंतर डोळ्यांनी बघितलंस, आणि तरी माझ्या हातात सहा थरांची मॅट कापून देत राहिलीस. बांगडा बदलून हातात कोंबायला तुला कधी संकोच वाटला नाही. मग इथे का वाटला? मला एकदा झापलं असतंस तर मी दोन रविवार आले नसते, फुगून बसले असते, तिसऱ्या रविवारी आलेच असते. तू मला एवढंही ओळखलं नाहीस? समजूतदारपणा दाखवलास आणि त्यापायी स्वतःचा मोसम घालवलास. तेव्हा सगळा दोष मी एकटी घेणार नाही. अर्धा तुझा. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं आणि तू नाहीस.

राग जरा उतरला की दुसरंही दिसतं. माझं घर, गाळा, सोसायटीची मीटिंग, सगळीकडे मी लागते ती काहीतरी निस्तरायला. तुझ्या अंगणात मी वर्षभर चुकीचं काम करत होते आणि तुला मी तरीही हवी होते. असं मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. यासाठी आभार मानायची रीत मला माहीत नाही. मानते, एवढं लिहिते.

काल डॉमनिकचा फोन आला. दुखवट्यात होडी बांधून ठेवावी की न्यावी यावर घरात बोलणं झालं होतं म्हणे. त्याने ठरवलं, न्यायची, बांधून ठेवली तर वयनी रागवल. आज सकाळी भरती होती. मी म्हटलं, मी काठावरून बघेन. ठिगळ माझं आहे, बघायला हवं.

होडी पाण्यात गेली. डॉमनिक एक चक्कर मारून आला, आत वाकून हात फिरवला, मला कोरडा तळवा दाखवला. मी निघायला वळले तर म्हणाला, "शैलाबाय, बस."

मी त्याला त्याच्या घरातल्या रीतीची आठवण करून दिली. वर हेही सांगितलं की मला पोहता येत नाही.

"वयनीला बोललो होतो, बसवतो. न्हाय बसवली," तो म्हणाला. "तिला बघायचा होता तो तू बघ."

मी चपला हातात घेतल्या आणि बसले. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पहिली पाच मिनिटं मी गाव वगैरे काही बघितलं नाही, ठिगळाकडे बघत होते. मग डॉमनिकने मशीन बंद केलं आणि म्हणाला, आता मागं बघ.

तर कसं दिसतं ते सांगते, फिलोमिना. लहान दिसतं. काठावर उभं राहिलं की तुमचं गाव पसरलेलं वाटतं, तिथून ते तळहातावर मावेल एवढं होतं. आधी चर्च दिसतं, पांढरं, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला गोळा झाल्यासारखं. बोंबील वाळवायचे बांबू दिसतात, पण त्यांवरचे बोंबील दिसत नाहीत, नुसती धुरकट रेघ. होड्यांचे झेंडे दिसतात. रंग कळतात, कुणाची कुठली ते नाही. माडांमागे डोंगर, आणि त्याच्याही मागे, तू हे धरलं नसशील, आमचे टॉवर. भाईंदरचे, मीरा रोडचे, राखाडी, एकाला एक लागून. माणसं दिसतात पण बाई की बाप्या ते कळत नाही. काठावर कुणी आपली वाट बघत उभं असलं तर त्याचा चेहरा दिसत नाही. पीटरला तू कधीच दिसली नसशील, त्याला नुसतं माहीत असेल की तिथे आहेस.

डॉमनिकने बोट दाखवून म्हटलं, थंय, वयनीचा घर. मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. बर्फाच्या कारखान्याची भिंत होती, तिच्या शेजारी एक नवीन दुमजली बंगला. मी म्हटलं, नाही दिसत. तो म्हणाला, बंगल्याच्या डावीकडं, कवलं. मी परत बघितलं. हो म्हणून टाकणं सोपं होतं, तो बिचारा इतकं दाखवत होता.

"दिसला?"

"नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, फुडनं दिसल, आणि वाकून दोरी ओढली, मशीन सुरू केलं, होडी समुद्रात अजून आत घेतली.